दूध तुटलं

गेली एकोणीस वर्षं मी आमच्या गावच्या डेअरीवर दूध मोजतो आहे. आर्वी तालुक्यातलं गाव, दूध घालणारी चाळीसेक घरं, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. कॅन उघडायचा, ढवळायचा, नमुना काढायचा, मशीनला लावायचा, पावती फाडायची. गाईच्या दुधाच्या दराचं सगळं गणित दोन आकड्यांभोवती फिरतं. फॅट साडेतीन आणि एसएनएफ साडेआठ. फॅट म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, साय घरोघरी दिसते. एसएनएफचं मात्र कुणी ना कुणी विचारतंच. विशेषतः ज्याचा आकडा कमी आला तो. मी ठरलेलं उत्तर देतो, "लोणी आन् पाणी सोडून जे उरते ते."

त्या उरलेल्यात काय असतं, हे एवढ्या वर्षांत मी स्वतःला विचारलं नव्हतं. साडेआठातली सव्वातीनच्या आसपास प्रथिनं, पाऊणएक क्षार, आणि बाकी सगळी साखर. दुधातली साखर, लॅक्टोज. शंभर मिलिलिटरमागे साडेचार-पावणेपाच ग्रॅम. ज्या दुधाला मी 'घट्ट आहे' म्हणून शाबासकी देत आलो, त्या घट्टपणातला निम्म्याहून जास्त वाटा या एका साखरेचा. आणि तीच आता माझ्या पोटाला पेलत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी 131 किलोचा होतो. उंची साडेपाच फूट. रक्तात साखर, गुडघ्यात कळा, रात्री झोपेत श्वास अडकायचा आणि बायको हलवून जागं करायची. पोरगी आठवीत होती. तिने एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्या शाळेत काहून येत नाही?" शाळा दुसऱ्या मजल्यावर भरते. तिला काय सांगणार होतो? डाएट करून झालं होतं, चालणं करून झालं होतं, काढे झाले होते. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. शेवटी नागपूरला जाऊन पोटाचं ऑपरेशन केलं, बायपासचं. त्यात जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याची लहानशी पिशवी करतात, दोन मोठे चमचे मावतील एवढीच, आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून अन्न थेट पुढच्या आतड्यात सोडतात. ऑपरेशनबद्दल जास्त लिहीत नाही. ते नीट झालं. आज माझं वजन 84 आहे, साखरेची गोळी सुटली आहे, आणि मी शाळेचे दोन्ही मजले चढतो. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता आहे. पुढे जे लिहिणार आहे ते या कृतज्ञतेला धरूनच वाचावं.

दवाखान्यातून सुटताना हातात एक छापील कागद दिला होता. पहिले काही दिवस नुसतं पाणी, नारळपाणी, वरणावरचं पाणी. मग पातळ पदार्थ. त्यात पहिलंच नाव दुधाचं. मग ताक, मग लस्सी, मग दुधात कालवलेली प्रथिनांची पावडर. बाजूला दुधाने भरलेल्या ग्लासाचं चित्र. मायला वाचता येत नाही, पण ते चित्र तिने बरोबर ओळखलं. कागद तिने देवघराच्या फळीवर नेऊन ठेवला. तिच्या दृष्टीने डॉक्टरने पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं सांगितलं होतं.

माय दूध कसं द्यायची ते सांगायलाच हवं. आमच्या गोठ्यात तेव्हा तांबू दुभती होती. धार काढली की दूध चुलीवर चढायचं, तीन उकळ्या येईपर्यंत माय जागची हलायची नाही. मग पदराने पातेलं उतरवून ती दूध एका पितळी गडव्यातून दुसऱ्यात ओतायची, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. हात खांद्याच्या वर जायचा आणि धार सरळ खाली. एक थेंब इकडेतिकडे नाही. कोमट झालं की औषधाच्या बाटलीसोबत आलेल्या छोट्या कपात, 30 च्या खुणेपर्यंत. तो कप माझ्या हातात देऊन ती समोर उकिडवी बसायची आणि मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहायची. मी चव्वेचाळीस वर्षांचा. ती मला तान्ह्यासारखं पाजत होती, आणि मला ते बरं वाटत होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोट बोलायला लागलं. आधी गुरगुर. मग बेंबीभोवती पीळ पडायचा. पोट नगाऱ्यासारखं ताणायचं, आणि मग धावत सुटायचं. आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला. जानेवारीची थंडी, हातात बॅटरी, पोटावर अजून टाक्यांच्या खुणा ओल्या. एका रात्री पाच वेळा गेलो. परत येताना गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो तर तांबूने मान वळवून बघितलं. तिच्या अंगाची ऊब लागत होती. तिच्यावर कसलाही संशय माझ्या मनात आला नाही. कसा येईल?

संशय आला वरणावर. मग नारळपाण्यावर. मग गोळ्यांवर. दवाखान्यात फोन केला, तिकडून सांगितलं, सुरुवातीला होतं असं, सावकाश प्या. मी सावकाश प्यायला लागलो. अंगातली ताकद जात होती, हे मायला दिसत होतं. ताकद कमी झाल्यावर आमच्या घरात एकच औषध. कपाच्या जागी अर्धी वाटी आली. दूध वाढलं तसे हाल वाढले, हाल वाढले तशी मायची काळजी वाढली, आणि काळजी वाढली की पुन्हा दूध. हे चक्र दीड महिना चाललं. दीड महिना! आजही हे लिहिताना मला त्या कागदाचा राग येतो. ज्या देशात कोट्यवधी लोकांना मोठेपणी दूध पचत नाही, तिथे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या हाती दुधाचं चित्र देण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला काय हरकत होती? "दूध सोसतं का तुम्हाला?" एवढाच. आणि मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं असतं, "काय काय पिता?" तर माझ्या त्या रात्री वाचल्या असत्या.

मोजायची सवय मात्र कामी आली. डेअरीच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं होती, त्यावर मी रकाने आखले. वेळ, काय घेतलं, किती मिली, पुढे काय झालं, किती वेळाने. सकाळी 7.10, दूध 60, पाऊण तासाने गुरगुर, दीड तासाने दोनदा जाणं. 10.00, मुगाचं कढण 60, काही नाही. 11.30, पावडर दुधात, पुन्हा तेच. 4.00, चहा साखरेचा, अर्धा कप, वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, आडवं व्हावंसं वाटलं. हे शेवटचं निराळं होतं, पण तेव्हा मला ते निराळं आहे हे कळलं नाही. सगळाच त्रास एका रकान्यात घातला.

तिसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा ते रजिस्टर घेऊन गेलो. आहारतज्ज्ञ म्हणून एक तरुण मुलगी बसली होती, माझ्या पुतणीच्या वयाची. तिने पानं उलटली. दोनदा उलटली. मग लाल पेनाने 'दूध' हा शब्द जिथे जिथे होता तिथे गोल केला. त्यानंतरची 'जाणं' ही नोंद अधोरेखित केली. पान लालभडक झालं. चहाची नोंद तिने वेगळी काढली. ती म्हणाली, हे दुसरं आहे, याला डम्पिंग म्हणतात. गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरला की घाम आणि धडधड होते, ते अर्ध्या तासाच्या आत. दुधाचं तसं नाही, त्याला वेळ लागतो, कारण ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचावं लागतं.

तिने मला कागदावर आतडं काढून दाखवलं. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं एक पाचक द्रव्य असतं. ते दुधातल्या साखरेचे दोन तुकडे करतं, आणि ते तुकडेच रक्तात जाऊ शकतात. तुकडे झाले नाहीत तर साखर तशीच पुढे सरकते, जाताना पाणी ओढून घेते, आणि मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती लागते. ते तिला आंबवतात. त्यातून वायू निघतो, त्याची ती गुरगुर आणि तो ताण. पाणी ओढलं जातं त्याचे जुलाब. मी आयुष्यभर विरजण लावत आलो, आंबणं म्हणजे काय हे मला दुसऱ्याने सांगायला नको होतं. माझ्या पोटात रोज रात्री कुणीतरी चुकीच्या भांड्यात विरजण लावत होतं.

मी विचारलं, "पण आधी तर मी लिटर लिटर दूध प्यायचो. तेव्हा काही झालं नाही."

ती म्हणाली, लॅक्टेज बहुतेक आधीपासूनच कमी असणार. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांत ते लहानपणापेक्षा कमीच असतं. पण जठर मोठं होतं, खाली झडप होती, दूध थोडं थोडं करून आतड्यात सुटायचं, आणि आतडं त्याला कसंबसं पुरं पडायचं. आता झडप मार्गातून गेली, सुरुवातीचं आतडं वगळलं गेलं, दूध एकदम धावत खाली येतं. जे झाकलेलं होतं ते उघडं पडलं. श्वासातला हायड्रोजन मोजून याची खात्री करता येते, असंही तिने सांगितलं, पण आधी दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहू म्हणाली. आणि पावडर बदलून दिली. आधीची पावडरही दुधाच्याच निवळीची होती.

दोन आठवडे लागलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी रात्रभर झोपलो.

झोप आली, पण घरी सांगायचं होतं ते तसंच राहिलं होतं. योगायोग असा की त्याच आठवड्यात, होळीच्या तोंडावर, चांदी व्याली. चांदी आमची गवळाऊ, पांढरीशुभ्र. ही जात आमच्याच भागातली, आर्वी-कारंजाच्या पट्ट्यातली. दुधाला बेताचीच, पण चालायला आणि ओढायला चपळ. बाबांच्या हयातीत गोठ्यात गवळाऊशिवाय दुसरी गाय नव्हती. त्यामुळे चांदीचा चीक म्हणजे घरात सण. मायने खरवस लावला, वेलची घातली, वड्या पाडल्या, शेजारी वाटल्या, आणि पहिली वडी माझ्यापुढे आणली.

"माय, मले नाई चालत."

"काऊन? गोड हाय म्हणून? गूळ कमीच टाकला म्या."

"गोडाचं हायच, पण दुधाचंबी हाय. डाक्तरनं दूध बंद सांगतलं."

ती काही बोलली नाही. वडी परत वाटीत ठेवली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "दुधाले नाई म्हणू नये माणसानं." हे तिने माझ्यावर रागावून म्हटलं नव्हतं. ती कुणाच्या तरी वतीने माझ्यासाठी माफी मागत होती, असं मला वाटलं.

आमच्या घरात बोलून माया दाखवायची रीत नाही. बाबांनी मला आयुष्यात कधी जवळ घेतलं नाही, पण दहावीच्या परीक्षेला निघताना सायकलच्या हँडलला दुधाची बाटली त्यांनी स्वतः बांधली होती. बहीण माहेरी आली की माय विचारत नाही कशी आहेस, पातेलं चढवते. पाहुणा आला, आजारी आला, रुसून बसला, मेल्या घरचं सुतक फिटलं, सगळ्याला दूध. अशा घरात ग्लास परत करणं म्हणजे पुढे केलेला हात झिडकारणं. आणि मला ते रोज दोनदा करायचं होतं. खरं सांगतो, जुलाबांचा त्रास मी सोसला, पण परत जाणारा तो ग्लास मला सोसवला नाही. मधे चारदा तरी मी तिचं मन राखायला दूध प्यायलो आणि मग अंगणाच्या टोकाला जाऊन रात्र काढली. तिला कळू नये म्हणून बॅटरीही न घेता.

गावाने सल्ले दिले, प्रेमानेच दिले. आले घालून पी, हळद घालून पी, निरसं पी. सगळ्यात जास्त सल्ला बकरीच्या दुधाचा. वर्धा जिल्ह्यात बकरीच्या दुधाचा विषय निघाला की बापूंचं नाव येतंच. सेवाग्राम इथून लांब नाही, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात बापू अजून शेजारी राहत असल्यासारखे येतात. शेजारचे काका म्हणाले, "बापूले गाईचं सोसत नव्हतं, म्हणून ते बकरीचं पेत." मी घरी येऊन वाचलं, तर गोष्ट निराळी होती. गांधीजींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं ते व्रत म्हणून. जनावरांकडून शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढण्यासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांबद्दल त्यांनी वाचलं होतं, आणि दूध माणसाच्या वासना वाढवतं असंही त्यांचं मत झालं होतं. पुढे हिंदुस्थानात ते मरणाच्या दारात जाऊन आले, तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, बकरी नव्हती. त्यांनी बकरीचं दूध घेतलं, आणि व्रताचा शब्द पाळला तरी आत्मा मोडला ही खंत त्यांनी लिहून ठेवली. मला त्या प्रसंगातल्या कस्तुरबा जास्त भेटल्या. समोर माणूस क्षीण होत चाललाय, आणि त्याला काहीतरी पाजल्याशिवाय तिला चैन नाही.

बकरीचं दूध मी पिऊन पाहिलं. रजिस्टरात नोंद आहे: 60 मिली, सव्वा तास, दोनदा. बकरीच्या दुधात लॅक्टोज गाईपेक्षा किंचितच कमी असतं. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग बकरी बरोबर नसंल." मी पुढे बोललो नाही.

आता पोटाच्या बाजूचं थोडं, कारण माझ्यासारखं ऑपरेशन केलेलं कुणी हे वाचत असेल तर त्याला उपयोग व्हावा. ऑपरेशननंतर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. आमचं घर माळकरी, माय पंढरीची वारी केलेली, घरात अंडं येत नाही. त्यात दूध गेलं. एवढ्याशा पोटात प्रथिनं भरायची कुठून? उत्तर कोठ्यात पोत्यांत भरलेलं होतं. सोयाबीन. विदर्भात पिकवायचं ते विकायला, घरी कुणी खात नाही, आम्हीही नव्हतो खात. बायकोने ते रात्री भिजवून, सालं चोळून काढून, मिक्सरमधून फिरवून फडक्याने गाळायला सुरुवात केली. हे दूध चांगलं वीसेक मिनिटं उकळायचं, कच्चं किंवा अर्धकच्चं अजिबात घ्यायचं नाही. पहिल्यांदा बियांचा वास नाकात बसला. जिऱ्याची फोडणी देऊन कढीसारखं केलं तेव्हा जमलं. त्याशिवाय तुरीचं घट्ट वरण, मुगाचं धिरडं, भिजवलेली मोट म्हणजे मटकी, पाटवडी. कॅल्शियमसाठी तीळ-जवसाची चटणी आणि शेवग्याचा पाला आहेच, पण नुसत्या त्यावर विसंबता येत नाही. बायपासनंतर दिवसाला 1200 ते 1500 मिलिग्रॅम लागतं, ते गोळीनेच पुरं करावं लागतं, तेही सायट्रेटच्या, कारण दुसऱ्या प्रकाराला पचायला आम्ल लागतं आणि लहान केलेल्या पिशवीत ते पुरेसं नसतं. एका वेळी 500 च्या वर नाही. लोहाची गोळी त्यापासून दोन तास लांब. ही वेळापत्रकं माझी पोरगी सांभाळते. ती भिंतीवर तक्ता लावते आणि डेअरीत मी शेरा मारतो तशी टिक करते.

सगळंच गेलं असंही नाही. तूप सोसतं, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. पनीर बऱ्यापैकी सोसतं, साखर पाण्याबरोबर निघून जाते. खवा मात्र अजिबात नाही, तो तर आटवून घट्ट केलेला. म्हणून पेढा, संत्रा बर्फी हे विषय संपले, आणि गोडामुळे गोरस पाक, वर्ध्याचं ते गोड बिस्किट, तेही. वर्ध्याहून पाहुणे पुडा आणतात, तो मी पोरीच्या हाती देतो. लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, दुधाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, त्या लग्नाकार्यासाठी खिशात ठेवतो.

मग कोजागिरी आली. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून पोरी भुलाबाई मांडतात, महिनाभर गाणी, खिरापती, आणि कोजागिरीला समारोप. त्या रात्री आमच्या अंगणात गल्लीचं दूध आटतं. मोठी कढई, खाली पऱ्हाटीची जळतणं, केशर-चारोळी, आणि वर चंद्र. ढवळणारा गेली कित्येक वर्षं मी. तसाच बसलो. झारा फिरवताना कढईत चंद्र मोडायचा, हात थांबला की पुन्हा गोल व्हायचा. आठ लिटर दूध होतं. आठ लिटरात पावणेचारशे ग्रॅम लॅक्टोज असतं, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला, आणि मला एकाएकी फार एकटं वाटलं. सगळ्यांना जो चंद्र दिसत होता तो मला दिसत नव्हता. पेले वाटले गेले. पोरींनी खिरापत ओळखायला लावली. माय पेल्यांचं ताट घेऊन माझ्यापर्यंत आली, आणि काही न बोलता मला ओलांडून पुढे गेली. तिने ग्लास पुढे केला असता आणि मी नाही म्हटलं असतं, त्यापेक्षा हे जास्त लागलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. चांदीचं वासरू तोवर आठ महिन्यांचं झालं होतं, कडबा-कुटार खात होतं, पान्हा सोडवण्यापुरतं थानाला लावायचं. एका रात्री त्याचं दावं सुटलं आणि त्याने आईचं सगळं दूध पिऊन टाकलं. सकाळी गोठ्यात बघतो तर वासराचं शेपूट, मागचे पाय, सगळं बरबटलेलं. माय पाण्याची बादली घेऊन त्याला धूत होती. मी डेअरीकडे निघालो होतो, चपला घालत होतो.

"एवढं मोठं झालं," ती वासराला म्हणत होती, "आता तुले दूध कसं पचंल? पोट चाऱ्याचं झालं ना तुह्यं."

आणि तिचा हात थांबला. ओला हात वासराच्या पाठीवर तसाच. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुह्यंबी असंच झालं का रे?"

मी म्हटलं, "हाव माय. असंच."

मी इतके महिने तिला आतडं, अस्तर, साखर, जिवाणू सगळं सांगून थकलो होतो. आणि तिला हे आधीपासून माहीत होतं. गोठ्यात साठ वर्षं घालवलेल्या बाईला दूध तुटणं म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांचं असंच आहे, पिल्लू चाऱ्यावर आलं की पोटातलं लॅक्टेज ओसरत जातं. काही माणसांचं तेवढं मोठेपणीही टिकून राहतं, आणि आपण त्यांच्यावरून सगळ्यांचं ठरवतो.

ती बादलीपाशी बसली. म्हणाली, "तुह्यं अंगावरचं तोडलं तवा म्या कडुनिंबाचा पाला वाटून लावला होता. दोन वर्साचा होता तू, आयकतच नव्हता. तोंड लावलं का थुंकायचा, आन् माह्याकडे पाहून रडायचा. तीन रात्री रडला." थोडं थांबून म्हणाली, "तवा तोडलं तं म्या तोडलं. या बारीनं तुह्यं तुटलं, मले कोणी सांगतलंच नाई."

मी डेअरीला उशिरा गेलो त्या दिवशी. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्यानंतर माय दूध घेऊन आली नाही. आली ती चार दिवसांनी, ताक घेऊन. विरजणातल्या जिवाणूंनी दह्यातली थोडी साखर आधीच खाल्लेली असते आणि उरलेली पचवायलाही ते आत मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना दही-ताक सोसतं, हे त्या आहारतज्ज्ञ मुलीने मला सांगितलं होतं आणि मी घरी सांगितलं होतं. मायने विरजण रात्रभराऐवजी दीड दिवस ठेवलं. लोणी काढलं, ताक पातळ केलं, जिरं भाजून हातावर चुरडून टाकलं. तोच औषधाचा छोटा कप तिने कुठेतरी जपून ठेवला होता. 30 च्या खुणेपर्यंत.

"सावकाश," म्हणाली.

मी प्यायलो. आंबट होतं, थंड होतं, जिऱ्याचा कण दातांत आला. कप तिने माझ्या हातून घेतला, पण उठली नाही. सूप ओढलं, त्यात तूर घेतली आणि खडे निवडायला लागली. मी रजिस्टर काढून वेळ लिहिली. तिला घड्याळ कळत नाही, पण त्या मुलीने सांगितलेली दीड तासाची गोष्ट तिने बायकोकडून ऐकून ठेवली होती. एक सूप झालं, दुसरं घेतलं. मधे एकदा उठून गाईला पाणी दाखवून आली आणि पुन्हा बसली. ऊन ओट्यावरून अंगणात सरकलं.

तिसरं सूप संपत आलं तेव्हा तिने विचारलं, "काई झालं का रे?"

"नाई माय."

"मंग उद्या चाळीस देतो," ती म्हणाली, आणि निवडलेली तूर डब्यात भरायला लागली.